बारा वर्षांचं ओके

रहीमभाई दर्यापूरच्या एकाच छापखान्यात एकेचाळीस वर्षं राबले. पहिली एकोणतीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले आणि ट्रेडल मशीन चालवलं. मग कॉम्प्युटर आला, ट्रेडल भंगारात गेलं आणि रहीमभाईंकडे तीन कामं उरली. कागद कापणं, पत्रिकांच्या घड्या घालणं आणि नावं मोजणं.

यातलं नावं मोजणं सगळ्यात अवघड. वऱ्हाडातल्या लग्नपत्रिकेत वर देव, मध्ये वधू-वर आणि खाली सगळं गणगोत असतं. विनीत, निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक. पन्नास नावं म्हणजे साधी पत्रिका. कपाशी बुडाली की दुहेरी पत्रिकेची एकेरी होते, हजाराच्या तीनशे होतात, पण नावं कमी होत नाहीत. एक नाव गळलं तर मांडवात एक घर येत नाही. म्हणून गिऱ्हाईकाचा कागद डावीकडे, प्रूफ उजवीकडे, दोन्हींवर एकेक बोट. वरून खाली एकदा, खालून वर एकदा. आकडा जुळला की प्रूफच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचा.

रहीमभाईंचा दुसरा नियम फाडण्याचा होता. शेवटच्या प्रूफवर सही झाली की आधीची सगळी प्रुफं आणि कागद तिथल्या तिथं फाडायचे. चौऱ्याऐंशी साली एका कंपोझिटरनं टेबलावर पडलेलं आधीचं प्रूफ उचललं आणि सातशे पत्रिकांवर चुकीचा मुहूर्त छापला. पाहुणे सकाळी आठला पोचले. लग्न संध्याकाळचं होतं. मुलीकडच्यांना दोनदा पंगत बसवावी लागली. तेव्हापासून रहीमभाई फाडत आले.

या नियमानंच त्यांचा घात केला. २०१० च्या मे महिन्यात किसनरावांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका छापून गेली आणि किसनरावांचे मोठे भाऊ शालिकराम यांचं नाव त्यात नव्हतं. शालिकराम लग्नाला आले नाहीत. किसनरावांनी गावभर सांगितलं की छापखान्यातल्या रहीमभाईच्या हातून नाव गळालं. रहीमभाईंनी त्या पत्रिकेत अठ्ठावन्न नावं मोजली होती आणि कागदावरही अठ्ठावन्नच होती, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. पण कागद फाडलेला. मजकूर किसनरावांच्या मुलानं, योगेशनं, मेलवर पाठवला होता. तेव्हाचा ऑपरेटर तोवर नोकरी सोडून सुरतला गेला होता आणि जुना मेल शोधून काढायला दुसरं कुणी नव्हतं. मालक ओमप्रकाश शेट म्हणाले, "म्हणून टाका ना, आपलीच चूक हाय म्हणून. गिऱ्हाईक तुटाले नको."

रहीमभाई म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. तेवढ्यानं काम भागलं. पुढं दर्यापुरात तसं म्हणायची रीतच पडली. पत्रिकांचा गठ्ठा हातात घेताना कोणी ना कोणी म्हणे, "मोजून घ्या बापा नावं, रहीमभाईचा हात लागला हाय." म्हणणारा हसे. रहीमभाई सुतळी बांधत. साडेचार वर्षं ते कॉम्प्युटरकडे बंद कपाटाकडे पाहावं तसं पाहत होते. त्यांचा कागद त्यात होता आणि किल्ली दुसऱ्याकडे.

ती किल्ली २०१४ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती आली. सोयाबीन हातचं गेलं होतं, पत्रिकांचं काम थंड होतं. त्यातच जुना कॉम्प्युटर खरखरायला लागला. शेटनी अकोल्याहून नवा मागवला. नव्यात जुना मेलचा प्रोग्राम चालत नव्हता, म्हणून नवा प्रोग्राम टाकला. अकोल्याच्या माणसानं जुने मेल एका झटक्यात नव्यात घ्यायचा प्रयत्न केला. पट्टी अकरा टक्क्यांपर्यंत गेली आणि थांबली. त्यानं तीनदा केलं, तिन्ही वेळा अकरा. तो म्हणाला, आतली फाईल खराब आहे, आता एकेक मेल हातानं काढून पेन ड्राइव्हवर न्यावा लागेल. किती आहेत? चार हजार तीनशे बारा. तो चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला की नवा बसला की जुना डबा घेऊन जाईन.

ऑपरेटर करिश्मा म्हणाली, तिला डिझाइनची कामं आहेत. ओमप्रकाश शेट म्हणाले, राहू द्या जुने मेल, कोण पाहते. तेव्हा रहीमभाई घड्या घालता घालता बोलले.

"मी करतो."

"तुमी? मेल?"

"एका जागचं उचलाचं, दुसऱ्या जागी ठेवाचं. त्यात काय हाय?"

करिश्मानं त्यांना दहा मिनिटांत शिकवलं. "चाचा, मेल उघडू नका. उघडला का थे मशीन अडकते, मंग बंद करून चालू करा लागते. यादीतला मेल धराचा अन् या खिडकीत आणून सोडाचा. बस."

"दोन हजार दहाचा मे कुठी हाय?"

"बराच खाली. जाऊ काय?"

"नको. पाळीनं येईन."

खालचं पोतं आधी ओढलं की थप्पी पडते, हे त्यांना माहीत होतं. ते २००३ पासून सुरू झाले. पहिल्याच तासात त्यांच्या लक्षात आलं की एकेका लग्नाचे तीन-तीन, चार-चार मेल आहेत. पत्रिका. पत्रिका फायनल. पत्रिका फायनल दुरुस्ती.

"यातला शेवटला कोणता?" त्यांनी विचारलं.

"हा खालचा," करिश्मा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

"अन् हे वरचे?"

"आधीचे."

रहीमभाईंनी मान हलवली. पुढं त्यांनी विचारलं नाही आणि करिश्मानंही पाहिलं नाही. प्रत्येक लग्नाचा शेवटचा मेल त्यांनी नेला. आधीचे पुसले. नेलेलाही नेल्यावर इकडून पुसला, म्हणजे आपण कुठवर आलो ते कळतं.

जुनं मशीन एक मेल सोडायला पाऊण मिनिट घेई. घड्या आणि कापणी सांभाळून दिवसाला साठ होत. एकसष्टावा ते करत नसत, कारण दमलेल्या हातानं केलेलं काम दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागतं. संध्याकाळी पेन ड्राइव्ह नव्या कॉम्प्युटरला लावायचा, त्या त्या सालाच्या कप्प्यात मेल टाकायचे, खालचा आकडा पाहायचा. डायरीत लिहायचं. 'इकडून साठ. तिकडे साठ पोचले.' चहा त्यानंतर.

अकराव्या दिवशी योगेशचे मेल आले. पाच होते. रहीमभाईंचं बोट थोडा वेळ बटणावर नुसतंच राहिलं. उघडला तर मशीन अडकेल, अडकलं आणि पुन्हा उठलंच नाही तर सगळंच जाईल. त्यांनी पाचवा धरला, नेला, आधीचे चार पुसले. डायरीत त्या दिवसापुढं बारीक चांदणी काढली.

एकोणिसाव्या दिवशी काम संपलं. शेवटच्या दिवशी तेवढे सहा जास्त केले, कारण सहांसाठी विसावा दिवस लावणं त्यांना पटेना. एकूण अकराशे सेहेचाळीस. जुन्या प्रोग्रामातली कचऱ्याची टोपलीसुद्धा त्यांनी रिकामी केली. जागा सोडताना झाडून द्यायची असते. अकोल्याचा माणूस डबा घेऊन गेला.

"सव्वाचार हजार होते म्हणे," ओमप्रकाश शेट म्हणाले. "अकराशेत बसवले?"

"नीट बांधलं तं बसते."

शेटनी अकोल्याच्या माणसाला फोन करून ही गोष्ट ऐकवली.

योगेशचा मेल रहीमभाईंनी तरीही उघडला नाही. तो त्यांना शेटसमोर उघडायचा होता, कारण चूक आपली म्हणून टाका असं शेटच म्हणाले होते. शेट कोरी कार्डं आणायला दोन दिवस अकोल्यात होते. शनिवारी आले. रहीमभाई खुर्ची ओढून बसणार, तोच दारात दोन माणसं उभी राहिली. पुढं शालिकराम, मागं किसनराव.

साडेचार वर्षांत हे दोघे भाऊ कुणी एकत्र पाहिले नव्हते. किसनरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. किसनराव मोठ्या भावाच्या घरी गेले होते. प्रेसवाल्याची चूक आपण काहून उरावर घेऊन बसलो, असं म्हणाले होते. शालिकरामनाही ते पटलं होतं. हे सगळं शालिकरामनीच बाकावर बसत सांगितलं आणि मग रहीमभाईंकडे पाहून म्हणाले, "या खेपेले माह्यं नाव गळू देऊ नका, रहीमभाई. आता आमचं वय रुसाचं राह्यलं नाही."

शेट हसले. किसनराव हसले नाहीत.

"बसा," रहीमभाई म्हणाले. "तुमच्या नावाचाच कागद काढून रायलो." करिश्माकडे वळून म्हणाले, "दोन हजार दहा, मे. योगेशचा. मोठ्यानं वाच."

किसनरावांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्या आत पाहिलं आणि पुन्हा घातली.

करिश्मानं मेल उघडला. नवा कॉम्प्युटर लगेच उघडतो.

"ओके. छापा," तिनं वाचलं.

"खाली वाच."

"खाली काही नाही."

"नावं?"

"नावं नाहीत, चाचा. 'ओके, छापा' एवढंच."

"मंग याच्या आधीचा पाहा."

"आधीचा कुठी हाय? तुमी एकच आणला."

रहीमभाई ओढलेल्या खुर्चीवर बसले. खिळ्यांच्या काळात शेवटच्या प्रूफवर सगळा मजकूर असे आणि त्याच कागदावर गिऱ्हाईकाची सही. मेलमध्ये मजकूर आधी येतो, बदल मधे येतात, आणि शेवटी येते ती नुसती सही. हे त्यांना त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. एकोणीस दिवस उशिरा.

करिश्मानं मागचे-पुढचे दहा मेल उघडले. ओके. ठीक आहे छापा. छान झाली. ओके. ओके दादा. छापून टाका. एकानं पाकिटं कधी मिळतील एवढंच विचारलं होतं.

ओमप्रकाश शेटनी चष्मा पुसला. "म्हणजे आपल्यापाशी बारा वर्षांचं ओके हाय," ते म्हणाले.

शालिकराम उठले. "जाऊ द्या हो. चूक माणसाच्याच हातून होते." त्यांनी रहीमभाईंच्या खांद्यावर थाप मारली. क्षमा केल्यासारखी. रहीमभाईंचं लक्ष मात्र किसनरावांकडे होतं. किसनरावांनी मघापासून धरून ठेवलेला श्वास सोडला होता आणि ते करिश्माला पाणी मागत होते.

दोघं गेल्यावर रहीमभाईंनी डायरी उघडली, चांदणी पाहिली, मिटली.

"सगळं गेलं म्हन," ते म्हणाले.

करिश्माला वाईट वाटत होतं. तिनं थोडा विचार केला. "आपल्याकडचं गेलं, चाचा. पण ज्यानं पाठवलं, त्याच्याकडं पाठवल्याची नक्कल राहते. त्यानं पुसली नसन तं."

योगेश नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्याच्या ऑफिसात होता. सोमवारी पहाटे बायकोनं, अन्वरीनं, डबा बांधताना विचारलं, "एक नाम के पीछे इतना दूर जाते क्या?"

"एक नाम नै," रहीमभाई म्हणाले. "मेरा है वो."

ते सकाळच्या एसटीनं अमरावतीला गेले, तिथून सहा सीटच्या ऑटोत नऊ जणांमध्ये बसून नांदगाव पेठेला. कारखान्याच्या फाटकाशी दीड तास उभे राहिले. सुट्टीची वेळ विचारून निघाले असते तर तो दीड तास वाचला असता. हे त्यांनी मनात टिपून ठेवलं.

योगेश जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. त्यानं ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. "चाचा, तुमी काहून आले इतक्या दूर?"

"पाच मेल पाहाले."

कोणते, हे योगेशनं विचारलं नाही. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यानं मोबाइल काढला. बराच वेळ बोट खाली ओढत राहिला. पाचही होते. पहिल्यात पूर्ण यादी, एकोणसाठ नावं, सगळ्यात वर शालिकराम. दुसऱ्यात मुहूर्ताची दुरुस्ती. तिसरा दोन ओळींचा होता. 'मोठ्या बाबांचे नाव काढावे. बाबांनी सांगितले आहे.' चौथ्यात अठ्ठावन्न नावांची यादी. पाचवा रहीमभाईंना पाठ होता.

त्यांनी तिसरा दोनदा वाचला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दोनच ओळी होत्या, तरी.

"त्या हप्त्यात सामायिक विहिरीच्या पाळीवरून भांडण झालतं," योगेश म्हणाला. "बाबा रागात होते. मंग लग्नात मोठे बाबा आले नाहीत, लोक विचाराले लागले, तं बाबा म्हणले प्रेसची चूक. एकदा म्हटलं का मंग तेच चालू झालं."

"तुले माहीत होतं."

"होतं."

"साडेचार वर्सं."

योगेशनं चहाचा कप खाली ठेवला. "चाचा, हे आत्ता पाठवलं तं लग्न होईन, पण मोठे बाबा येणार नाहीत. थे दोघं बोलून रायले ना, थे तुमच्या चुकीवरच बोलून रायले."

रहीमभाईंनी यावर विचार केला. आपल्या नसलेल्या चुकीचा कुणाला इतका उपयोग होत असेल हे त्यांना नवीन होतं.

"लग्न कोणत्या तारखेले हाय?"

"बारा मे."

"तेराले पाठवजो. पाचही. शेवटचाच नको."

"पाठवतो."

"अन् तुह्या बापाले सांगजो का पाठवले म्हणून. मांगून कळाले नको."

योगेशनं चहाचे पैसे द्यायच्या आत त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली. त्याची सुट्टी संपत आली होती आणि तो जेवला नव्हता.

पत्रिकेचं काम मार्चमध्ये आलं. एकसष्ट नावं, सगळ्यात वर शालिकराम. रहीमभाईंनी नेहमीप्रमाणे दोनदा मोजली, जास्त नाही. जास्त मोजली असती तर आधी कमी मोजली होती असा अर्थ झाला असता. गठ्ठा न्यायला शालिकराम स्वतः आले. दुकानात चौघं होते. त्यांच्यादेखत त्यांनी आपलं नाव बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, "आलं बापा या खेपेले." चौघं हसले. रहीमभाईंनी सुतळी बांधली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेरा मेला मेल आला नाही. चौदालाही नाही. रहीमभाई सकाळी आल्या आल्या आणि जाताना, असं दोनदा पाहत. करिश्मा म्हणाली, "चाचा, लग्नघर हाय, दमले असतीन." ते म्हणाले, "तारीख त्यानं देल्ली नाही, म्या देल्ली."

पंधराला सकाळी पाच मेल एकापाठोपाठ उतरले. सोबत सहावा होता. 'चाचा, मोजून घ्या. पाच आहेत. बाबांना सांगायला दोन दिवस लागले.' रहीमभाईंनी सहाही मेल २०१० च्या कप्प्यात नेले. एकेक उघडून पाहिला आणि मग डायरीत लिहिलं, 'तिकडून सहा. इकडे सहा पोचले.'

ओमप्रकाश शेटनी तिसरा वाचला. "छापून काउंटरच्या काचेखाली लावू काय?" त्यांनी विचारलं. ते गंमत करत नव्हते.

"नको."

"मंग कराचं काय याचं?"

रहीमभाईंना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी कागद मिळेपर्यंतचाच विचार केला होता.

बाजाराच्या दिवशी किसनराव आले, एकटे. हातात बुंदीची पिशवी. दुकानात गर्दी होती. हिवरखेडचे मोतीराम नावाचे गृहस्थ भाचीच्या पत्रिका न्यायला आले होते, आणखी तिघं बाकावर होते. किसनरावांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "नांदगावले गेलते म्हणे तुमी."

"गेलतो."

"दाखवलं काय कोणाले?"

"शेटनं पाह्यलं. या पोरीनं पाह्यलं."

"दादाले?"

"नाही. माह्यं काम मजकूर सांभाळाचं हाय. वाटाचं नाही."

किसनराव बाकाच्या टोकावर बसले. रहीमभाईंनी मोतीरामचा गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि पुढं सरकवला. मोतीरामनी तो हातात घेतला आणि हिवरखेडपर्यंत पोचलेलं ते वाक्य म्हटलं. "नावं मोजून घेतो बापा, रहीमभाईचा हात हाय."

बाकावरचे तिघं हसले. रहीमभाईंनी कात्री जागेवर ठेवली. किसनरावांनी टोपी काढली आणि या वेळी तिच्या आत पाहिलं नाही.

"मोजाची गरज नाही," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "मोजाची गरज नाही. यायच्या हातून कधी नाव गळलं नाही. माह्या घरचं नाव म्याच काढाले लावलं होतं. यायच्यावर ढकललं."

बाकावरच्या एकानं, जो किसनरावांच्याच गावचा होता, पायात चपला सरकवल्या. तो आता सरळ गावात जाणार आणि दिवस मावळायच्या आत शालिकरामच्या ओट्यावर ही गोष्ट पोचणार, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. किसनरावांनाही कळत होतं. त्यांनी त्याला थांबवलं नाही. "मीच सांगतो दादाले," एवढंच म्हणाले आणि त्याच्या आधी उठले. दाराशी थांबून म्हणाले, "बुंदी काढून घ्या. पिशवी लेकीची हाय, परत न्या लागते."

करिश्मानं बुंदी कागदावर ओतली. पिशवी झटकून, घडी घालून दिली.

ते गेल्यावर मोतीराम गठ्ठा काखेत मारून निघाले. "मंग येतो, रहीमभाई," ते म्हणाले.

"थांबा," रहीमभाई म्हणाले. "नावं मोजली नाही तुमी."

"पण हे आत्ता म्हणले ना, मोजाची गरज नाही."

"त्यायले काय माहीत. काढा एक पत्रिका. वरून खाली एकदा, खालून वर एकदा."

मोतीराम बाकावर बसले आणि मोजायला लागले.